खुशाली ऐकून दगड झालेला राजा

एका राज्यात सगळे क्षेम होते, आणि तिथेच घोडे पेंड खात होते.

राज्याचे नाव सांगणार नाही. नाव सांगितले की कोणीतरी उठून म्हणते, तिथे आमचे मावसे होते, तिथे असले काही घडलेच नाही. मग मला राग येतो आणि गोष्ट राहते बाजूला. तेव्हा नाव राहू द्या, राजा घ्या. राजाचे नाव प्रसन्नकेतू. माणूस वाईट नव्हता. कर बेताचा घेई, न्याय बरा करी, राणीचा सल्ला ऐकून घेई आणि कधीकधी पाळीसुद्धा. एकच खोड होती. वाईट बातमी कानावर पडली की त्याची भूक मरे, आणि भूक मेली की सबंध दिवस तो येणाऱ्याजाणाऱ्यावर डाफरत बसे.

त्या राज्याचे अठरा कारखाने होते. हत्तींचा पीलखाना, स्वयंपाकाचा मुदपाकखाना, शस्त्रांचा, वस्त्रांचा, ज्योतिषाचा, तळ्याचा, असे मोजत गेले की अठरावा जादूखाना. एवढा पसारा एकट्या राजाने रोज फिरून कसा पाहावा? म्हणून वाडवडिलांनी सोय करून ठेवली होती. दर कारखान्याचा एक बोलका रावा. रावा म्हणजे पोपटच, पण राजाच्या पदरी असल्यामुळे त्याला पोपट म्हणायचे नाही, रावा म्हणायचे. त्याने सकाळी दरबारात यावे आणि आपल्या कारखान्याची खबर सांगावी.

राजाने त्यात स्वतःच्या डोक्याची भर घातली. त्याने प्रत्येक कारखान्याला एकेक खूण लावून दिली. सकाळी हत्ती ओरडले की पीलखाना क्षेम. धुराड्यातून धूर निघाला की मुदपाकखाना क्षेम. तळ्यातल्या खांबावर एक तांबडी रेघ होती, तिला पाणी टेकले की तळे क्षेम. युक्ती वाईट नव्हती, हे मीही कबूल करतो. पण राजाने पुढे आणखी एक रीत पाडली. चांगली खबर आणणाऱ्या राव्याच्या वाटीत डाळिंबाचे दाणे पडत. वाईट खबर आणणाऱ्याला रिकामी वाटी मिळे, आणि त्या कारखान्याच्या माणसांची भाकरी त्या दिवशी बंद होई.

आता रावा तो रावा. त्याला राज्यकारभार कळत नाही, डाळिंब कळते. हळूहळू सतराच्या सतरा रावे एकच शब्द बोलू लागले. क्षेम. मधुकंठ नावाचा प्रधान होता, तो सगळ्यांचे ऐकून घेई, त्याचा एक गोळा करी आणि राजापुढे ठेवी. म्हणे, "महाराज, सर्वत्र क्षेम." राजा जेवायला उठे. कारभार आटोपला.

अठराव्या कारखान्यात मात्र रावा नव्हता, टिटवी होती. जादूखान्याचा मुख्य अघोरभट मांत्रिक, त्याने पाळलेली. तुम्हाला ठाऊक असेलच, टिटवी पाय वर करून झोपते. आभाळ पडले तर पायांवर झेलावे म्हणून. एवढी काळजी करणाऱ्या पाखराला खोटी खुशाली कशी सांगवेल? एके सकाळी ती दरबारात आली आणि म्हणाली, "राजा, तळ्याचा बांध पायाशी पाझरतो आहे. वेळीच बघ."

आधीच टिटवी अभद्र पाखरू, त्यात जेवणाची वेळ. राजाने तळ्याच्या राव्याला विचारले, "पाणी रेघेला टेकले आहे?"

"टेकले आहे," रावा म्हणाला.

"मग झाले," राजा म्हणाला. "पाणी रेघेलाच टेकले पाहिजे, असा पुन्हा हुकूम द्या. या टिटवीला रिकामी वाटी द्या, आणि ही पुन्हा दरबारात दिसू नये." आणि तो ताटावर गेला.

टिटवीबरोबर आलेल्या अघोरभटाच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याने पागोटे काढून सिंहासनाच्या पायरीवर ठेवले आणि शाप उच्चारला. "राजाला सांगा. जी जी खोटी खबर तो न पाहता खरी मानील, तिच्यापायी तो बोटभर दगड होईल. सुरुवात पायापासून. कान शेवटी, म्हणजे अखेरपर्यंत ऐकता येईल." टिटवीला खांद्यावर घेऊन तो डोंगरात निघून गेला.

शाप राजापर्यंत पोचवणे प्रधानाकडे आले. प्रधान बराच वेळ दाराशी घुटमळला. मग आत जाऊन म्हणाला, "महाराज, अघोरभटांनी प्रस्थान ठेवले. जाताना म्हणाले, महाराज दगडासारखे अढळ होतील. बाकी क्षेम."

राजाला संतोष वाटला. त्याने अघोरभटाच्या मागे एक शालजोडी पाठवून दिली.

मग काय, रोज एक खुशाली, रोज एक बोट. आधी पावले गेली, मग घोटे, मग पोटऱ्या. राजवैद्य रोज तपासून म्हणे, महाराजांचे पाय भक्कम झाले आहेत. एक दिवस राजा सिंहासनावरून उठू गेला आणि उठवेना. राणी कमळजा धावत आली. तिने राजाच्या गुडघ्यावर बोटाची टिचकी मारली, तेव्हा पाट्यावर वरवंटा आपटावा तसा आवाज झाला.

राणी प्रधानाकडे वळली. "अघोरभट नेमके काय म्हणाले होते?"

"सारांश असा की..."

"सारांश नको. शब्द सांगा."

प्रधानाने शब्द सांगितले. ऐकता ऐकता राणी राजाच्या दगडी पायांशी बसली. नवरा तिला आवडत होता. हट्टी होता, खादाड होता, पण तिचा होता, आणि तो डोळ्यांदेखत पायरीचा दगड होत चालला होता. राजाने मात्र तेवढ्यात तोडगा काढला. त्याने कानांत कापूस घातला. म्हणजे खबर नको आणि शापही नको. पण प्रधानाला खुशाली सांगायची इतकी सवय की तो दोन्ही हात हलवून, मान डोलावून, हसरे तोंड करून क्षेम दाखवू लागला. राजाने पाहून मान हलवली. एक बोट आणखी गेले.

राणीने एका कानातला कापूस काढून म्हटले, "महाराज, मी येईपर्यंत डोळेही मिटून ठेवा," कापूस परत घातला, आणि ती डोंगरात गेली.

अघोरभट गुहेच्या दाराशी राजाची शालजोडी अंथरून बसला होता. टिटवी बाजूला पाय वर करून पडली होती. राणीने नमस्कार केला आणि म्हणाली, "शाप मागे घ्या."

"शाप मागे घेता येत नाही, राणीसाहेब. उतरवावा लागतो. तीन कामे आहेत."

"सांगा."

"दडवलेल्या तीन खबरी राजापुढे आणा. पहिली तुम्हाला कानाने कळेल, दुसरी जिभेने, तिसरी डोळ्याने. ज्याने खबर दडवली, त्याच्याच तोंडून ती आली पाहिजे. राजाने ती ऐकावी, जाऊन पाहावी, आणि खबर आणणाऱ्याला आपण स्वतः डाळिंब भरवावे. कान दगड झाले की मात्र माझ्याही हाती काही राहणार नाही."

"राजा रागावून कोणाचे डोके उडवेल, त्याचे काय?"

"ते काम जादूचे नव्हे," अघोरभट म्हणाला. "ते तुमचे."

राणी परत आली ती झोपलीच नाही. पहाटे पीलखान्याकडून हत्तींचे ओरडणे आले. रोज येई, रोज ती कूस बदले. आज ती कान देऊन बसली. एक हत्ती ओरडला, दुसरा ओरडला, तिसऱ्याला मध्येच ठसका लागला. चौथा म्हणाला, "पाणी पी रे." राणी शाल पांघरून उठली आणि मागच्या वाटेने पीलखान्यात गेली.

पीलखान्यात एकही हत्ती नव्हता. ओळीने माहूत उभे होते, प्रत्येकाच्या तोंडाला तुतारी. राणीला पाहून सटवाजी माहुताच्या हातून तुतारी गळून पडली. सगळ्यांत वडीलधारा तो. तो म्हणाला, "राणीसाहेब, काय सांगू? थोरल्या हत्तीच्या पायात काटा गेला आणि तो एक दिवस गप्प राहिला. आमची भाकरी बंद झाली. दुसऱ्या दिवशी आम्ही अंकुश टोचून सगळ्यांना ओरडायला लावले. रोज पहाटे टोचायचे, रोज ओरडायचे. शेवटी हत्ती कंटाळले आणि साखळ्या तोडून रानात गेले. ओरडणे तेवढे आमच्याकडे राहिले."

"आणि चारा?"

"चाऱ्याची कोणी खूण लावली नव्हती, म्हणून त्याचे कोणी विचारलेच नाही."

राणीने तुतारी उचलली आणि फुंकली. मांजराच्या शेपटीवर पाय पडावा तसा आवाज निघाला. माहूत भीत भीत हसले, मग मोकळे हसले. राणीही हसली, आणि मग म्हणाली, "सटवाजीबाबा, हे दरबारात सांगाल?"

"मान राहील का धडावर?"

"राहील. मी शेजारी उभी राहीन."

सटवाजी दरबारात आला, राणीने राजाच्या कानांतला कापूस काढला, आणि सटवाजी हात जोडून सगळे बोलला. राजाच्या तोंडाचा रंग बदलला. हत्ती त्याच्या आजोबांचे. त्याचा हात तलवारीकडे गेला. राणी म्हणाली, "महाराज, डाळिंबाची वाटी त्या बाजूला नाही. या बाजूला आहे."

राजाने तिच्याकडे पाहिले, वाटीकडे पाहिले, आणि आपल्या दगडी गुडघ्यांकडे पाहिले. मग त्याने सटवाजीला चार दाणे भरवले. पालखीत बसून पीलखान्यात गेला, रिकाम्या साखळ्या हाताने चाचपून पाहिल्या आणि अंकुश मोडून टाकायला लावले. माहुतांनी रानात गुळाच्या पोळ्या नेल्या, आणि पोळ्यांच्या वासावर हत्ती एकेक करून परत आले. त्यांतला एकही दुसऱ्या दिवशी सकाळी ओरडला नाही. निवांत झोपले होते. राजाचे गुडघे सुटले, पोटऱ्या सुटू लागल्या.

राणीने दुसरी खबर शोधायला जीभ कामाला लावली. त्यासाठी फार दूर जावे लागले नाही. ती राजाच्या पंक्तीला बसली आणि भाताचा पहिला घास घेतला. करकर वाजले. तिने राजाकडे पाहिले. राजाही करकर चावत होता, आणि शांतपणे चावत होता.

"महाराज, भात कच्चा आहे."

"नाही," राजा म्हणाला. "मुदपाकखान्याचा रावा रोज सांगतो, भात मऊ. माझेच दात बिघडले आहेत. दंतवैद्याने दोन काढलेसुद्धा."

बघा म्हणजे झाले. स्वतःच्या जिभेवर विश्वास नाही, राव्याच्या जिभेवर आहे. राणी ताटावरून उठली ती तशीच मुदपाकखान्यात. आत इतका धूर की आचारी दिसेना, त्याचे खोकणे तेवढे ऐकू येई. नरहरभट आचारी. डोळे पुसत पुसत तो पुढे आला.

"भटजी, हे काय चालले आहे?"

"धूर चालला आहे, राणीसाहेब. गच्चीवरून महाराजांना धूर दिसला पाहिजे. कोरड्या लाकडाला धूर येत नाही, म्हणून आम्ही ओली लाकडे जाळतो. ओल्या लाकडांवर भात शिजत नाही. पण धूर सुरेख येतो. शेजारच्या राज्यातून लोक बघायला येतात."

"तुम्ही कोणाला बोलला नाहीत?"

नरहरभटाने हातातली पळी खाली ठेवली. "माझ्या बापाच्या हातचा भात महाराजांचे वडील मागून घेत. मी रोज कच्चा वाढतो आणि पडद्याआड उभा राहून ते करकर ऐकतो. लाज वाटते, राणीसाहेब. पण घरची भाकरी बंद होईल म्हणून गप्प राहतो."

राणीने त्याला हाताला धरूनच दरबारात नेले. या खेपेला राजाचा हात तलवारीकडे गेला नाही. गालावर गेला, जिथे दोन दात नव्हते. डोळ्यांत पाणी आले, पण त्याने नरहरभटाला डाळिंब भरवले, स्वयंपाकघरात जाऊन धूर पाहिला, खोकला, आणि हुकूम दिला की मुदपाकखान्याची खूण आता धूर नाही, शीत. शीत दाबून पाहायचे, आणि ते राजानेच पाहायचे. पोटऱ्या सुटल्या, घोटे सुटले. अंगठ्यांपुरता दगड राहिला. राजा खोलीत चार पावले चालला आणि आनंदाने राणीला हाक मारली.

इथे थांबला असता तर बरे झाले असते. पण आनंदात राजाने डोके चालवले. राणी तळ्याकडे गेली असताना त्याने दवंडी पिटवली. आजपासून चांगल्या खबरीला रिकामी वाटी, आणि वाईट खबरीला डाळिंब. आणि प्रधानाने गोळा करायचा नाही. प्रत्येक राव्याने थेट राजाला सांगावे.

दुसऱ्या दिवशी सकाळी काय गहजब झाला म्हणता. रावे आदल्या रात्रीच येऊन बसले होते. शस्त्रांचा रावा म्हणाला, तलवारींना पडसे झाले आहे. वस्त्रांचा म्हणाला, सुया सुजल्या. ज्योतिषाचा म्हणाला, चंद्र हरवला, परत येण्याचे लक्षण नाही. कोणी म्हणाला, उत्तरेकडून मुंग्यांचे सैन्य चालून येते आहे, पुढे तोफा आहेत. एकेक रावा तीन-तीन अरिष्टे घेऊन आला होता, आणि सांगून झाले की पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहत होता. राजाने सगळे खरे मानले. मुंग्यांवर फौज धाडली. चंद्रासाठी भर दिवसा मशाली पेटवल्या. तळ्याच्या राव्याला तर काय सांगावे हेच सुचेना, म्हणून तो म्हणाला, तळ्यातले मासे बुडत आहेत.

खबरींमागून खबरी, बोटांमागून बोटे. अंगठ्यांपासून दगड चढला तो गुडघे, मांड्या, कंबर, आणि कंबरेबरोबर हातांची बोटे, तळवे, कोपरे. राणी धापा टाकीत परत आली, तेव्हा राजा गळ्यापर्यंत दगड झाला होता आणि हातातली डाळिंबाची रिकामी वाटीही दगडाचीच झाली होती.

"राणी," राजा म्हणाला, "तुम्ही सांगितल्याप्रमाणे मी वाईट खबरीला डाळिंब दिले."

"महाराज, जाऊन पाहायचे राहिले," राणी म्हणाली, आणि तिथेच पायरीवर बसून रडली. इतके दिवस ती रडली नव्हती. प्रधान मधुकंठ जवळ आला. सवयीने त्याचे तोंड क्षेम म्हणायला उघडले, ते त्याने मिटले. तो खाली बसला आणि म्हणाला, "राणीसाहेब, काहीही क्षेम नाही." त्याच्या उभ्या आयुष्यातली ही पहिली खरी खबर होती. राणीने डोळे पुसले.

"हे बरे बोललात. आता ऐका, मी तळ्यावर काय पाहिले."

तळ्यावर तिने खांब पाहिला होता. पाणी तांबड्या रेघेला बरोबर टेकलेले. पण दोन पुरुष उंच खांबाचे टोक एरवी काठाच्या वर दिसे, आता ते काठाच्या कितीतरी खाली गेले होते. काठावर जुन्या पाण्याच्या खुणा तिच्या डोक्यापेक्षा वर. तळ्याचा राखणदार येसाजी होडीत बसून खांबावर मोगरी मारत होता. पाणी चार बोटे उतरले की खांब चार बोटे खाली ठोकायचा. रेघ पाण्याला टेकवणे हे त्याचे काम, आणि त्याने कामात कसूर केली नव्हती.

येसाजीला तिने बरोबरच आणला होता. तो राजापुढे येऊन सगळे बोलला. सगळ्यांनी राजाच्या गळ्याकडे पाहिले. दगड तीळभर सरकला नाही. उलट हनुवटीवर एक राखाडी डाग उमटला.

"असे कसे?" राणी म्हणाली. "ज्याने दडवली, त्यानेच सांगितली ना?"

येसाजीने मान खाली घातली. "राणीसाहेब, मी खांब ठोकला. खबर नाही दडवली. बांध पाझरतो हे टिटवीने इथेच, भर दरबारात सांगितले होते. त्यानंतर मला हुकूम आला, पाणी रेघेलाच टेकले पाहिजे."

दरबारातल्या कोणीही राजाकडे पाहिले नाही. राजाला मान फिरवता येत नव्हती, म्हणून तो समोर पाहत राहिला. मग तो म्हणाला, "मला तळ्यावर न्या."

दगडाचा राजा पालखीत मावेना आणि भोयांना उचलेना. तेव्हा सटवाजीने हत्ती आणले. कोणी टोचले नाही, कोणी ओरडले नाही. थोरल्या हत्तीने सिंहासनाला सोंड लावली, बाकीच्यांनी दोरखंड ओढले, आणि राजा सिंहासनासकट गाड्यावर चढून तळ्यावर गेला. राणीने अघोरभटाला निरोप धाडला होता. तो टिटवीला घेऊन बांधावर उभा होता.

बांधाच्या पायाशी हंडा जाईल एवढे भगदाड पडले होते. पाणी त्यातून धो धो बाहेर येत होते आणि खाली नगराकडे वळत होते. दोन्ही कडांची माती ढासळत होती. राजाने ते डोळे भरून पाहिले. खालची घरे पाहिली. ओठ अजून त्याचे होते.

"टिटवी," तो म्हणाला, "तू सांगितले होतेस. मी ऐकले होते. माझे जेवण बिघडू नये म्हणून मी तुझी खबर दडवली, आणि खांबाच्या रेघेला विचारले. चूक येसाजीची नाही. माझी आहे."

टिटवी राजाच्या दगडी खांद्यावर येऊन बसली. "आणि माझी वाटी?"

राणीने डाळिंब फोडले. पण राजाचे हात दगडाचे, वाटी दगडाची. स्वतः भरवावे असा नियम, आणि भरवायला बोट हलेना. दगड गालाशी टेकला होता.

"राणी," राजा म्हणाला, "दाणे माझ्या तोंडात घाला."

राणीने घातले. राजाने ते चावले नाहीत. जेवणावर जीव असलेला माणूस तो, पण दाणे ओठांवर धरून थांबला. टिटवीने मान वाकडी करून क्षणभर पाहिले, आणि राजाच्या तोंडचा घास एकेक दाणा करून खाल्ला.

तडतड आवाज झाला. गालापासून पायापर्यंत दगडाला भेगा गेल्या आणि मोठमोठे चिरे राजाच्या अंगावरून निखळून बांधाखाली पडू लागले. राजा आत तसाच होता, जरा बारीक झालेला. राणीने त्याला मिठी मारली, आणि तिला तिथे जमलेल्या लोकांची लाज वाटली नाही.

"चिरे वाया घालवू नका," राजा म्हणाला. "भगदाडात बसवा."

हत्तींनी चिरे सोंडेने उचलले, येसाजीने मोगरी घेऊन ते ठोकले. जन्मात पहिल्यांदा तो बरोबर जागी ठोकत होता. छातीचा चिरा भगदाडात असा बसला की जणू मापाने घडवला होता. गुडघ्यांचे, कोपरांचे चिरे भोवती बसले. पाणी थांबले. नरहरभटाने बांधावरच कोरडी लाकडे पेटवून भात चढवला, त्याला धूर अजिबात आला नाही. राजा सगळ्यांच्या पंक्तीला बसला आणि पहिले शीत दाबून पाहिले. भात मऊ होता. राजा वाढून मागत गेला आणि नरहरभट वाढत गेला.

त्यानंतर त्या राज्यात रीत बदलली. खांब काढून खडकात रोवला, ठोकला तरी हलणार नाही असा. खुणा राहिल्या, कारण अठरा कारखाने एका माणसाला खुणांवाचून कळत नाहीत. पण रोज सकाळी रावे जे सांगतील, त्यातले एक राजा स्वतः जाऊन पाहू लागला. कोणते, ते आधी कोणाला सांगत नसे. खबर चांगली असो की वाईट, खरी निघाली तरच डाळिंब. रावे पंधरा दिवस फार रुसले. मग खरे बोलू लागले, कारण दुसरे काही परवडेना. प्रधान मधुकंठ गोळा करायचा विसरला आणि सुखी झाला. अघोरभटाने पागोटे परत डोक्यावर चढवले. शालजोडी परत दिली नाही.

टिटवी पुन्हा दरबारात येऊ लागली. एक दिवस राजा ताटावर बसणार, तेवढ्यात ती आली आणि म्हणाली, "राजा, आभाळ जागेवर आहे. सगळे क्षेम."

राजाने हातातला घास ताटात ठेवला. तो उठला, गच्चीवर गेला, मान वर करून आभाळ नीट पाहून आला. मग टिटवीला डाळिंब दिले, आणि जेवायला बसला.

तिची वाटी भरली, त्याचे ताट वाढले, माझे सांगून झाले. तुम्हाला खरे वाटत नसेल, तर जाऊन पाहून या.